आईचे आजारपण आणि जेवणाचा फलक

गेल्या वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या आधीच्या आठवड्यात एक तरुणी आमच्याकडे एक कागद घेऊन आली. तिचे छोटेसे जेवणघर आहे. चार टेबले, आत स्वयंपाक, बाहेर पत्र्याची पडवी. रविवारच्या पत्रिकेत चार ओळींची सूचना छापायची होती. जेवण काय मिळेल, डबे किती वाजता मिळतील, थाळीचा भाव काय, एवढेच त्यात होते. गिऱ्हाईक कमी झाले होते. स्टेशनच्या बाजूला तीन नवी हॉटेले सुरू झाली होती, आणि भाडे मात्र पूर्वीपेक्षा वाढले होते.

आम्हाला तिच्या घरची परिस्थिती माहीत होती. आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वडील नाहीत. मोठा भाऊ आखातात, तो जमेल तसे पैसे पाठवतो. पदवीचे शेवटचे वर्ष सोडून ही मुलगी घरी बसली, म्हणजे खरे तर उभी राहिली. सूचना वाचताना आम्हाला वाटले, यात मुख्य गोष्ट राहूनच गेली. म्हणून आम्ही आमच्या पेनाने एक ओळ वाढवली: आजारी आईची सेवा करणाऱ्या या मुलीला आपल्या भेटीने आधार द्या.

तिने कागद वाचला आणि काही न बोलता ती ओळ खोडली. आम्ही म्हणालो, "अगं, यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही," ती म्हणाली. "पण ही पत्रिका रविवारी आमच्या घरी सगळ्यात आधी आई वाचते."

तिचे एवढेच उत्तर. सूचना त्या ओळीशिवाय छापली गेली. आम्ही मात्र त्या खोडलेल्या ओळीपाशी अडून राहिलो. आम्ही चूक केली होती काय? आपले दुःख सांगून गिऱ्हाईक बोलावणे यात वाईट काय आहे? आणि आईवडिलांच्या आजारपणाचा भार उचलणाऱ्या मुलामुलींना आपण खरोखर कोणती मदत देणे लागतो? या प्रश्नावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ती आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम हे काम किती आहे ते पाहू. डायलिसिसला एका खेपेस साधारण चार तास लागतात. जाणे-येणे, सुई लावणे, नंतर रक्त थांबेपर्यंत बसणे वेगळे. या घरी सकाळी सहाची पाळी मिळाली आहे. म्हणून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ही मुलगी पहाटे तीनला उठते, मसाला वाटते, भाजी चिरून ठेवते, पावणेसहाला आईला रिक्षात बसवते. अकरा वाजता परत आली की शेगडी पेटते. साडेबाराला पहिले गिऱ्हाईक दारात.

तिच्या स्वयंपाकघरात रोज दोन चुली असतात म्हटले तरी चालेल. एकीकडे गिऱ्हाइकांसाठी झणझणीत कालवण, दुसरीकडे आईसाठी अळणी. बटाटा आईला द्यायचा तर चिरून पाण्यात भिजत घालायचा, मग जास्त पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचे, कारण त्यातले पोटॅशियम शरीराबाहेर टाकायला तिची मूत्रपिंडे असमर्थ आहेत. पाणी मोजून. उन्हाळ्यातसुद्धा मोजून.

आणि आपण भेटीला जाताना काय नेतो? वसईची केळी आणि शहाळे. आपल्या दृष्टीने आजाऱ्याला यापेक्षा चांगले काय न्यावे? पण अशा रुग्णाला नेमके हेच अपायकारक. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. त्या घरी भेटीला आलेल्या केळ्यांचे घड ओळीने लटकत असत, आणि आई त्यांच्याकडे पाहत असे. आमच्यापैकीही एकाने दोन शहाळी नेली होती. विचारल्याशिवाय केलेली मदत कशी असते याचा हा आम्हाला मिळालेला पहिला धडा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सांगण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मिझुरी सिटी या गावी, एका मुलाने आपल्या वडिलांच्या नव्या दुकानाचा फोटो मोबाइलवरून सर्वांसमोर ठेवला. डोनटचे दुकान, डोनट म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचा गोड पदार्थ. दुकानात चिटपाखरू नव्हते. दुकानात कोणी येत नाही म्हणून बाबा उदास आहेत, एवढेच त्याने लिहिले. बघता बघता ते लाखो लोकांपर्यंत पोहोचले, रांगा लागल्या आणि माल संपला. आम्हाला यात काहीच गैर दिसत नाही. मुलगा खरे बोलला. बापाविषयीच्या मायेने बोलला. लोकांनी पैसे दिले आणि त्या बदल्यात खाण्याची वस्तू नेली. कोणाचे काय बिघडले?

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, दिल्लीच्या मालवीयनगरातील एका वृद्ध जोडप्याच्या ढाब्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. दिवसभर रांधूनही विक्री होत नाही हे सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. 'बाबा का ढाबा' हे नाव एका रात्रीत सर्वांच्या तोंडी झाले. दुसऱ्या दिवशी तिथे ही गर्दी! अनेकांनी पैसेही पाठवले. पुढे त्या पैशांच्या हिशेबावरून वाद झाला, तो पोलिसांपर्यंत गेला. डिसेंबर २०२० मध्ये बाबांनी नवे रेस्टॉरंट उघडले. खर्च मोठा, गिऱ्हाईक थोडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बंद करावे लागले आणि म्हातारा-म्हातारी आपल्या जुन्या ढाब्यावर परतली.

आम्ही त्या वृद्धांना दोष देत नाही. मदत करणाऱ्यांची दयाही खोटी नव्हती. पण जेवणाचा धंदा कसा चालतो हे ज्यांना माहीत आहे ते एक गोष्ट सांगतील: हा धंदा पहिल्या भेटीवर चालत नाही, दुसऱ्या भेटीवर चालतो. पहिल्यांदा माणूस फलक पाहून येतो, कुतूहलाने येतो, दयेनेही येतो. दुसऱ्यांदा तो चवीसाठी, भावासाठी, स्वच्छ ताटासाठी, वेळेवर मिळणाऱ्या डब्यासाठी येतो. दयेला एका भेटीत समाधान मिळते. आपण काहीतरी चांगले केले असे वाटून ती घरी जाते आणि विसरते. भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते.

म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीनेही आमची ओळ फारशी उपयोगाची नव्हती. पण आमच्या मनातला खरा प्रश्न व्यवहाराचा नव्हता, नीतीचा होता. त्यात आम्हाला तीन अडचणी दिसल्या.

पहिली अडचण मुलीची. जो दयेने येतो तो थाळीच्या पैशांबरोबर आणखी काहीतरी विकत घेतल्यासारखा वागतो. मुलगी दुःखी दिसावी अशी त्याची नकळत अपेक्षा असते. ती एखाद्या लग्नात नाचली, तिने नवा ड्रेस घातला, मैत्रिणींबरोबर जत्रेला गेली, की लगेच कुजबुज सुरू होते: "आई अशी पडलीय आणि हिला बघा!" पैसे देऊन वडे घेणाऱ्याला वडे करणारीच्या हसण्या-रडण्यावर हक्क नसतो. दया दाखवणाऱ्याला तो आहे असे वाटू लागते.

दुसरी अडचण आईची. आईने आयुष्यभर कष्ट केले, पापड-लोणची विकून मुलांना शिकवले, आणि आता रविवारी पत्रिका उघडून तिने काय वाचावे? की आपण गिऱ्हाईक ओढण्याचे साधन झालो आहोत? आजारपणात माणसाचे खूप काही जाते. कपडे बदलायला दुसऱ्याचा हात लागतो. अशा वेळी आपल्याविषयी कोणी काय सांगावे हे ठरवण्याचा थोडासा हक्क उरलेला असतो. आम्ही तिला न विचारता तोही घेत होतो, आणि तोसुद्धा चांगल्या हेतूने.

तिसरी अडचण सर्वात गंभीर वाटते. ज्या दुकानाचे गिऱ्हाईक आईच्या आजारावर आले, त्या दुकानाला आई बरी झालेली परवडेल काय? कोणती मुलगी असा विचार करील, असे तुम्ही म्हणाल. करणार नाही. पण पोट एका टोकाला आणि आईचे बरे होणे दुसऱ्या टोकाला, अशा जागी कोणत्याही लेकराला उभे करू नये. माणूस कितीही सज्जन असो, त्याला अशा परीक्षेत घालणे हेच अन्यायाचे आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण परीक्षेपासून राखण्याची विनंती करतो. मग दुसऱ्याला परीक्षेत ढकलायचे कसे?

यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हरकत घेतली. ती योग्य होती. ते म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण उद्या प्रत्येक जण आपलं दुखणं दाराआड लपवील. लपवण्यातही गर्व असतो. शेजाऱ्याला कळलंच नाही तर तो धावून कसा येणार?"

त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. आपल्या घरांत आजार लपवण्याची सवय आहेच. मुलीचे लग्न जमायचे आहे म्हणून आईचा क्षयरोग लपवला जातो, वडिलांचे मानसिक दुखणे तर डॉक्टरांपासूनही लपवले जाते. मग सारा भार घरातल्या एकाच्याच अंगावर पडतो, बहुधा मुलीच्याच. अशा लपवण्याला आम्ही मान देऊ शकत नाही. ज्याला गरज आहे त्याने ती सांगावी. पण कोणाला सांगावी आणि कशासाठी सांगावी, यात फरक आहे. शेजारणीला "उद्या आईजवळ दोन तास बसशील का?" असे विचारणे हे नात्यातले सांगणे आहे. गल्ल्यावर पाटी लावून अनोळखी माणसाला तेच सांगणे म्हणजे त्या नात्याचे नाणे करून खर्चणे. आणि एक गोष्ट नक्की: सांगायचे की नाही हे आजाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवायचे. आम्ही त्यांच्या वतीने ठरवले, चूक ती तिथे झाली.

मग ज्यांना गरज माहीत आहे त्यांनी काय करावे? याचे उत्तर आम्हाला दोन ठिकाणी सापडले, एक फार जुने आणि एक अलीकडचे.

जुने उत्तर रूथच्या पुस्तकात आहे. रूथ ही परक्या देशातून आलेली विधवा. तिची म्हातारी सासू नामी तिच्यावर अवलंबून होती. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कापणीनंतर शेतात पडलेली कणसे गरिबांनी वेचावीत अशी मुभा होती, म्हणून रूथ वेचायला गेली. शेताचा मालक बवाज याला तिची सारी हकीकत कळली होती. तो तिला धान्याचे पोते देऊन वाटेला लावू शकला असता. त्याने तसे केले नाही. त्याने आपल्या गड्यांना सांगितले, की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम काढून टाका आणि ती वेचू लागली तर तिला बोलू नका. संध्याकाळी रूथने वेचलेले धान्य झोडून घरी नेले ते स्वतःच्या कष्टाचे. तिला मदत झाली, पण तिची मान खाली गेली नाही.

अलीकडचे उत्तर २०१८ मधले, कॅलिफोर्नियातील सील बीच या गावचे. तिथेही डोनटचेच दुकान. कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेले एक जोडपे ते अनेक वर्षे चालवत होते. पत्नीच्या मेंदूतील रक्तवाहिनीला गंभीर विकार झाला. ती दुकानात दिसेना म्हणून गिऱ्हाइकांनी विचारले, तेव्हा कळले. त्यांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली. मालकाने नम्रपणे नको म्हटले. त्याला पैसे नको होते, पत्नीजवळ बसायला वेळ हवा होता. मग लोकांनी काय करावे? ते पहाटेच येऊ लागले आणि एकाऐवजी डझनावारी घेऊ लागले. सकाळीच माल संपू लागला, की मालक कुलूप लावून पत्नीकडे जायला मोकळा. ही बवाजाचीच कणसे नाहीत काय? आधी त्यांनी विचारले काय हवे. मग जे हवे तेच दिले. आणि दिले तेही खरेदीच्या रूपात.

चौथी आज्ञा आपल्याला आईबापांचा मान राखायला सांगते. कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे, की प्रौढ मुलांनी वार्धक्यात, आजारात आणि एकाकीपणात आईवडिलांना होईल तेवढा आधार द्यावा. देशाचा कायदाही २००७ पासून हेच सांगतो: म्हाताऱ्या आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून पोटगी वसूल करता येते. या सर्व गोष्टी मुलांना उद्देशून आहेत. पण एक मुलगी आपली आज्ञा पाळते आहे, म्हणून आपण शेजारी मोकळे झालो काय?

येशूने परुश्यांना एका गोष्टीवरून फार कडक शब्दांत सुनावले. आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून ते देणे टाळण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती. आमच्या मनात येते, की आपलेही एक कुर्बान आहे. त्याचे नाव कौतुक. आपण म्हणतो, "काय गुणाची पोर आहे! असे लेकरू सर्वांना मिळो." मिस्सा सुटल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवतो. आणि मग आपल्या कार्यक्रमाच्या जेवणाची ऑर्डर स्टेशनजवळच्या हॉटेलला देतो, कारण तिथे वातानुकूलित हॉल आहे. फुकट कौतुक हे पुष्कळदा मदत न करण्याचे भाडे असते. आम्ही हे दुसऱ्यांना सांगत नाही. आमच्या पत्रिकेच्या वार्षिक सभेचे जेवण कुठून आले होते, हे आम्हाला चांगले आठवते.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सूचना छापल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त दोन नवी गिऱ्हाइके आली. आम्ही खट्टू झालो. मनात आले, ती ओळ असती तर! आमच्यातला एक जण जेवायला गेला आणि निघताना म्हणाला, "सुटे राहू दे, बाळ." तिने साठ रुपये मोजून त्याच्या हातात ठेवले. तो शरमला.

त्यानंतर आम्ही विचारायला शिकलो. काय हवे? ती म्हणाली, महिन्याचे डबे लागले तर बरे, म्हणजे किती रांधायचे ते आदल्या दिवशी कळते आणि अन्न वाया जात नाही. आधी सहा डबे ठरले, नंतर अकरा. पैसे महिन्याच्या एक तारखेला, उधारी नाही. एका निवृत्त शिक्षकांनी गुरुवारी डायलिसिसच्या वेळी आईजवळ बसण्याचे मान्य केले; ते वर्तमानपत्र वाचून दाखवतात, आणि त्या दिवशी मुलगी पहाटे तीनऐवजी पाचला उठते. एका भगिनीने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे करायला तिच्याबरोबर चार खेपा घातल्या. या कशातही मोठेपणा नाही. बातमी होण्यासारखेही काही नाही. पण हे दर आठवड्याला होते.

आणि फलक? शेवटी फलकावर आई आलीच, पण वेगळ्या रूपात. उन्हाळ्यात बाटली मसाल्याचे दिवस आले. आई खुर्चीवर बसून राहिली आणि मुलीने मिरच्या, धणे, तीळ, खसखस एकेक करून भाजले. केव्हा उतरवायचे ते आई नुसत्या वासावरून सांगत होती. त्यानंतर दारावर नवी पाटी लागली: आईच्या बाटली मसाल्याचे कालवण. यात आईचे आजारपण नाही, आईचे कौशल्य आहे. ती बरी झाली तरी ही पाटी खोटी ठरणार नाही.

हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तो मायलेकींना वाचायला दिला. नाव-गाव नको, एवढे आम्ही आधीच ठरवले होते. त्या नको म्हणाल्या असत्या तर हा लेख तुमच्या हाती आला नसता. आईने चष्मा लावून सावकाश वाचला. शहाळ्यांचा मजकूर अवश्य ठेवा म्हणाली. मग तिने एका शब्दावर बोट ठेवले. आम्ही एके ठिकाणी 'बिचारी' लिहिले होते. तो शब्द आता लेखात नाही.

आमच्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, आणि तुमच्या गल्लीतही एखादे असेल. तिथे जेवायला जा. पोटभर जेवा, पूर्ण पैसे द्या, सुटे परत घ्या. कालवण आवडले तर पुन्हा जा. मीठ जास्त झाले असेल तर तेही सांगा. स्वयंपाक करणाऱ्याला स्वयंपाकी म्हणून वागवणे हाही मान आहे. आणि निघताना हळूच विचारा, "या आठवड्यात काय लागेल?" उत्तर काय येते ते ऐका, आणि तेवढेच करा.